काकांची 'इटालियन' चाकं

"इंजनेर, ही चार चाकं विकली की तुझ्या शेवटच्या वर्षाच्या फीचं मिटलं बघ!"

दिवाळीच्या सुट्टीत कराडला पोचलो, बॅगही खाली ठेवली नव्हती, आणि काकांनी हे वाक्य टाकलं. मागून काकू म्हणाल्या, "आधी त्याला चहा तरी घेऊ दे." पण काका कधीच शिडी लावून पोटमाळ्यावर चढले होते.

मित्रांनो, आमच्या घरात या चार चाकांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. काकांचं कोल्हापूर नाक्याजवळ गॅरेज होतं. गुडघ्यांनी दगा दिला आणि ते बंद करावं लागलं. पण त्या काळी फियाट म्हटलं की लोक थेट त्यांच्याकडे यायचे. काकांची स्वतःची प्रीमियर ११८ एनई होती. फियाट १२४ ची बॉडी आणि निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन, १९८५ साली आलेली गाडी. तर १९९१ साली काका स्पेअर पार्ट आणायला मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात गेले आणि येताना एसटीच्या टपावर चार मॅगव्हील घालून आले. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "बोटीवरच्या इंजिनिअरनं इटलीहून आणलेत. क्रोमोडोरा. अस्सल मॅग्नेशियम." फियाट इटलीची, चाकंही इटलीची! त्या दिवसापासून आमच्या घरात ती 'इटालियन चाकं' झाली. २००९ साली काकांनी गाडी विकली, पण चाकं काढून ठेवली आणि गाडी साध्या डिस्कवर दिली.

आता झालं असं, की माझ्या चुलतभावाने त्या चाकांचा फोटो मोबाइलवरून इकडे तिकडे पाठवला. तो फिरत फिरत पुण्याच्या एका गृहस्थांपर्यंत गेला. त्यांनी जुनी ११८ एनई हौसेने नवी करून घेतली होती आणि त्या काळातली चाकं ते शोधत होते. फोटो पाहून त्यांनी फोन केला. चार चाकांचे ९० हजार! क्रोमोडोरा असतील तर.

त्या 'असतील तर'कडे घरात कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. माझं गेलं, कारण फी माझी होती.

चाकं खाली आली. तीस वर्षांचं ग्रीस, धूळ आणि वरून काकांनीच मारलेला सिल्व्हर कलर. मी म्हटलं, "काका, मागची बाजू घासून बघू. अलॉयची जन्मकुंडली मागच्या बाजूला असते." काका हसले. "आरं कुंडली कसली बघतोस, लग्न ठरलंय!" तरी रॉकेल आणि तारेचा ब्रश आणून दिला.

जाता जाता थोडं शास्त्र सांगतो, कारण आपल्यातले निम्मे लोक गाडीला अलॉय टाकतात आणि त्यावरचं एक अक्षर वाचत नाहीत. चाकाच्या मागे, स्पोकच्या पाठीवर किंवा बोल्टच्या भोकांच्या आसपास आकडे ओतलेले असतात. '१३ × ५½ जे' म्हणजे व्यास १३ इंच, रुंदी साडेपाच इंच, आणि 'जे' हा टायर जिथे बसतो त्या कडेचा आकार. 'ईटी' पुढचा आकडा म्हणजे ऑफसेट. चाकाच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे तो. शब्द जर्मन आहे, आइनप्रेसटीफे. आणि पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. याशिवाय देशांचे शिक्के असतात. जर्मनीत विकायच्या चाकावर 'केबीए' आणि त्यापुढे नंबर. जपानच्या नियमाप्रमाणे बनलेल्यावर 'जेडब्ल्यूएल'. तो बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर उमटवतो. तिऱ्हाईत संस्थेने तपासलं असेल तर सोबत 'व्हीआयए'. शिवाय बऱ्याच चाकांवर घड्याळाच्या तबकडीसारखा एक छोटा गोल असतो, त्यात ओतकामाचं वर्ष आणि महिना मिळतो.

बनवणाऱ्याचं नाव तर असतंच. नाव कमावलेला कारखाना ते लपवत नाही. जर्मनीतल्या शिल्टाख गावात १९७० साली बाउमगार्टनर आणि ब्रांट या दोघांनी कंपनी काढली, दोन नावं आणि गाव यांची आद्याक्षरं घेतली, आणि झालं 'बीबीएस'. त्यांचं १९८३ चं तीन तुकड्यांचं 'आरएस' चाक आजही लोक दुरुस्त करून वापरतात. त्यात बाहेरची कड, आतली कड आणि मधला भाग बोल्टने जोडलेले असतात. नकली चाकात हे बोल्ट नुसते शोभेला चिकटवलेले असतात, मागून पाहिलं की दुसरं टोकच नसतं! जपानी रेज कंपनीचं १९९६ चं 'टीई ३७' घ्या. त्यातला ३७ म्हणजे ३.७ किलो, १५ इंची चाकाचं वजन. म्हणजे नावातच तपासणीची पद्धत दिली आहे. काटा आणा आणि मोजा.

आमच्या चाकावर नाव नव्हतं.

चारही घासली. एकावर अक्षरं स्पष्ट निघाली. '१३ × ५½ जे'. 'जेडब्ल्यूएल'. ३८. तबकडीत ८७. क्रोमोडोरा कुठेच नाही. इटलीही नाही. काकांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. मग म्हणाले, "नाव झिजलं असंल."

ओतलेलं नाव झिजत नाही काका, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहून म्हटलं, "मॅग्नेशियम आहे का ते तरी बघू."

'मॅगव्हील' या शब्दानेच निम्मा घोटाळा केलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रेसिंगच्या गाड्यांना हॅलिब्रँडसारख्यांची मॅग्नेशियमची चाकं लागू लागली, त्यावरून 'मॅग' हे नाव पडलं. इंग्लंडमध्ये मिनी गाडीची मिनीलाइट चाकंही आधी मॅग्नेशियमचीच होती. पुढे रस्त्यावरच्या गाड्यांना ॲल्युमिनियमची चाकं आली, पण नाव मॅगच राहिलं. आपल्याकडे तर बुलेटपासून टॅक्सीपर्यंत सगळंच मॅग! खरं तर ॲल्युमिनियमचं चाक जुनंच. १९२४ साली बुगाटीने टाइप ३५ ला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं लावली होती. आणि मॅग्नेशियम महाग असलं तरी जपायला कठीण. रंग उडाला की पाण्याने, मिठाने झपाट्याने खातं. म्हणून मॅग्नेशियमची जुनी चाकं लोक सहसा बघायला ठेवतात, पळवायला नाही.

पहिली चाचणी काकूंच्या स्वयंपाकघरातून आली. नूडल्ससाठी आणलेलं व्हिनेगर! मागच्या बाजूला नखाएवढी जागा खरवडून त्यावर दोन थेंब टाकले. मॅग्नेशियम असेल तर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. आम्ही तिघे डोकी एकत्र करून बघत बसलो. एक बुडबुडा नाही. काका म्हणाले, "व्हिनेगर जुनं असंल."

मग आर्किमिडीज काढला. शेजारच्या किराणा दुकानातून हुकाचा डिजिटल काटा आणला, अंगणात पाण्याचा बॅरल भरला. चाक हवेत ५.९० किलो. दोरीने बांधून पूर्ण पाण्यात सोडलं, तर ३.७० किलो. फरक २.२० किलो, म्हणजे चाकाने २.२ लिटर पाणी बाजूला सारलं. ५.९ भागिले २.२, उत्तर २.६८. ॲल्युमिनियमच्या ओतीव मिश्रधातूची घनता साधारण तेवढीच. मॅग्नेशियमची १.८ च्या आसपास येते. मॅग्नेशियम असतं तर हेच चाक पाण्यात अडीच-पावणेतीन किलोच भरलं असतं. पहिल्या वर्षी ज्या प्रॅक्टिकलला आम्ही सगळ्यांनी रीडिंग कॉपी केली होती, ते आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी महत्त्वाचं ठरलं!

काका गप्प बसले. मी म्हटलं, "काका, चाकं वाईट नाहीत. १९८७ ची, जपानी नियमाची आहेत. फक्त इटालियन नाहीत."

"म्हंजे मला फसवलं त्यानं," काका म्हणाले. "आन् मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो."

विषय तिथेच संपला असता तर बरं झालं असतं. किंमत कमी झाली असती, एवढंच. पण मला व्हर्निअर घेऊन पीसीडी मोजायची बुद्धी झाली. चार भोकांच्या चाकाचं सोपं असतं. समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्यायचं आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवायचा. (पाच भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घेऊन १.७०१ ने गुणायचं. का, ते त्रिकोणमिती आठवून बघा.) फियाटचा पीसीडी ९८. मला एकदा ९९.४ आलं, एकदा १००.३. भोकंच गोल राहिली नव्हती, अंडाकृती झाली होती. मग शेवटच्या चाकावरचा ग्रीसचा थर काढला तेव्हा भोकाशेजारी आकडा दिसला. १००.

अठ्ठ्याण्णवच्या हबवर शंभरचं चाक!

मी काकांना विचारलं, "गाडी कधी थरथरायची का?"

"ऐंशीच्या पुढं गेली की स्टेअरिंग हलायचं," काका म्हणाले. "अलाइनमेंट केली, बॅलन्सिंग केलं, टाय रॉड बदलले. काय फरक न्हाई. आन् चौथा बोल्ट नेहमी तिरका जायचा. मी म्हणायचो इटालियन माल हाय, नखरे करणारच." हे बोलताना ते थांबले. हाताखाली पन्नास पोरं तयार केलेला माणूस. मी पुढचं काही सांगायची गरज नव्हती.

तरी वाचकांसाठी सांगतो. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर बाजूला. पण बोल्टचं डोकं शंकूच्या आकाराचं असतं आणि ते चाकातल्या शंकूत सगळीकडून टेकायला हवं. इथे ते एकाच बाजूला टेकतं. पहिला बोल्ट पूर्ण आवळला की चाक सरकतं आणि समोरच्या बोल्टचा फरक दोन मिलिमीटर होतो. चाकाचं मधलं भोकही हबपेक्षा मोठं होतं. फियाटचा हब ५८.१ मिलिमीटरचा, म्हणजे चाकाला मध्यभागी आधारच नाही, सगळा भार बोल्टवर. पाना मारताना बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण चाक हबवर दाबून धरलेलं नसतं. ते प्रत्येक फेऱ्याला किंचित सरकतं.

आणि फेरे किती? त्या टायरचा घेर साधारण १.८७ मीटर. एका किलोमीटरला ५३५ फेरे. काका म्हणतात या चाकांवर गाडी ४० हजार किलोमीटर तरी पळाली. म्हणजे दोन कोटींहून जास्त फेरे. व्होलरच्या एस-एन कर्व्हवर आपण व्हायवात "स्टीलला एन्ड्युरन्स लिमिट असते, ॲल्युमिनियमला नसते" असं पोपटासारखं म्हणतो. त्याचा अर्थ मला त्या अंगणात कळला. ॲल्युमिनियम एकही फेरा विसरत नाही.

सुट्टी संपल्यावर चारही चाकं पोत्यात घालून कॉलेजला आणली. हॉस्टेलवर जी चेष्टा झाली ती छापण्यासारखी नाही. सरांनी परवानगी दिली आणि लॅबच्या मामांनी एनडीटीचे तीन स्प्रे कॅन काढून दिले. ॲल्युमिनियमला लोहचुंबकाची चाचणी चालत नाही, म्हणून डाय पेनिट्रंट. आधी क्लीनरने पृष्ठभाग स्वच्छ करायचा, लाल डाय मारून पंधरा मिनिटं थांबायचं, डाय पुसून टाकायची आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर केशाकर्षणाने आत शिरलेली डाय पांढऱ्यावर परत बाहेर येते. पहिली तीन चाकं स्वच्छ निघाली. चौथ्या चाकावर दोन मिनिटांत बोल्टच्या एका भोकापासून स्पोकच्या मुळाकडे जाणारी, केसासारखी लाल रेघ उमटली. बोटाच्या एका पेराएवढी. नुसत्या डोळ्याला तिथे काहीही दिसत नव्हतं.

मामा म्हणाले, "हे लावून कोण फिरत होतं?"

मी म्हटलं, "आम्हीच." लहानपणी पंढरपूरला, ज्योतिबाला, आजोळी आम्ही याच चाकांवर गेलो होतो. मागच्या सीटवर मी आणि चुलतभाऊ भांडत असायचो.

आता खरं सांगतो. त्या रात्री हॉस्टेलवर मी बराच वेळ हिशेब करत बसलो होतो. पुण्याच्या गृहस्थांनी पुन्हा फोन केला होता. त्यांना फक्त फोटोत चाकं आवडली होती. नाव नाही म्हटलं तरी ते ३०-४० हजार देतील असं वाटत होतं. भेग कुणाला दिसत नव्हती. वर सिल्व्हर कलर मारला की संपलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर फीची पावती होती. हा विचार मनात आला नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

काकांना फोन केला. भेगेचं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "त्या साहेबास्नी फोन लाव आन् सगळं सांग. मटेरियल, पीसीडी, भेग, सगळं. त्यांची गाडी ११८ एनईच हाय. त्येंच्या हबवर बी ही बसायची न्हाईत."

"काका, मग फी..."

"फीचं बघू. बँका काय झोपल्यात व्हय? आन् एक काम कर. ते भेगेचं चाक हाय न्हवं, त्येला ग्राइंडरनं मधोमध काप. आजच. भंगारात आख्खं गेलं तर कुणीतरी उचलून रंग मारून परत इकंल."

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले, आणि व्यवहार मोडला. आभार मात्र मनापासून मानले. म्हणाले, त्यांच्याकडे आधी घेतलेला एक सेट पडून होता, त्याचाही पीसीडी त्यांनी कधी मोजला नव्हता. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, "मोजला. ९८ आहे. आज झोप लागेल."

चाक मी आपल्या वर्कशॉपमध्ये कापलं. एक अर्धा भाग आता मटेरियल्स लॅबच्या कपाटात आहे, भेगेच्या जागी लाल पेनने गोल केलेला. ज्युनिअर्सनो, फटीगचा तास असेल तेव्हा मागून बघा.

जुनी चाकं घ्यायला निघालात तर हे ध्यानात ठेवा:

१. आधी मागची बाजू बघा. नाव, आकार, ऑफसेट, पीसीडी, शिक्का, तबकडी. विकणारा मागची बाजू दाखवायला का-कू करत असेल तर चहा पिऊन परत या.

२. किंमत चाराच्या सेटला असते. तीन चाकांना चाराच्या पाऊणपट किंमत येत नाही, निम्मीसुद्धा मुश्किलीने येते. मधल्या टोप्या असतील तर भाव वाढतो, कारण आधी त्याच हरवतात.

३. चाक फिरवून डायल गेजने रनआउट बघा. वेल्डिंगची खूण, भोकांची झीज आणि ताजा रंग यांवर संशय घ्या.

४. ९८ आणि १०० हा फरक डोळ्याला दिसत नाही. "बसतंय की" हे माप नव्हे.

५. नाव मोठं असलं तरी आयुष्य संपलेलं चाक भिंतीवर लावा, गाडीला नको.

उरलेल्या तीन चाकांचं काय? भंगारवाला १२० रुपये किलोने घ्यायला तयार होता. काकांनी नाही म्हटलं. "चांगली हायती ती. शंभराच्या गाडीवाल्याचं कुणाचं तरी एखादं तुटलं असंल. येईल तो." ती पुन्हा पोटमाळ्यावर गेली आहेत. आता प्रत्येकावर काकांनी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलंय: '१३ × ५½, ४ × १००, ॲल्युमिनियम, जपानी, फियाटला लावू नये'.

माझ्या फीचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. पहिला हप्ता नोकरी लागल्यावर.

परवा काकू सांगत होत्या. कुणीतरी पाहुणे आले, वर बोट दाखवून म्हणाले, "ती इटालियन चाकं अजून हायत का?" काका म्हणाले, "इटालियन न्हवंच ती. आमच्या इंजनेरनं तपासून सांगितलं." काकू म्हणतात, हे सांगताना त्यांचा आवाज पूर्वी 'क्रोमोडोरा' म्हणताना यायचा तसाच होता.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी